तिकिटावरचा अकरा नंबर

नाटकाचं परीक्षण छापून येतं, सिनेमाचं येतं, गाण्याच्या मैफलीचं येतं. हल्ली तर मिसळीचंही येतं. पण प्रेक्षकांचं परीक्षण मी आजवर कुठे वाचलेलं नाही. तिसऱ्या अंकात नायिकेचा हुंदका कमी पडला हे टीकाकाराला बरोबर कळतं. मात्र त्याच हुंदक्याच्या वेळी पाचव्या रांगेतल्या गृहस्थांनी चिवड्याची पिशवी किती निर्दयपणे फोडली, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. प्रेक्षक म्हणजे मायबाप. आणि मायबापांवर टीका करायची आपल्याकडे पद्धत नाही, निदान लग्न होईपर्यंत तरी.

मी ही उणीव भरून काढायचं ठरवलं आहे. माझी पात्रता विचाराल, तर मी बी.कॉम. आहे आणि एकवीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे. त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर गेली. काचेच्या आत बसणाऱ्या माणसाला बाहेरचं सगळं जग म्हणजे एक न संपणारा प्रेक्षकवर्गच असतो. तो आपल्याकडे बघत असतो, आपण नोटा मोजत असतो, आणि आपलं चुकतं कधी याची वाट बघण्यात त्याचा वेळ बरा जातो. तेव्हा साहित्यशास्त्र मला येत नसलं, तरी प्रेक्षक ओळखीचे आहेत. शिवाय वाणिज्य शाखेने एक खोड लावली आहे. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मला झोप येत नाही.

परीक्षणाचा विषय मात्र थोडा थंड आहे. आइस हॉकी. माझा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता, तोही ‘बर्फ कमी टाका’ एवढं सांगण्यापुरता. पण योग आला तो आमच्या मेव्हण्यामुळे. शिरीष, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, स्टॉकहोमला असतो. गेल्या दिवाळीत तो आला, तेव्हा हिच्यासाठी स्वेटर आणला, मुलांसाठी चॉकलेटं आणली आणि माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. पाकीट फारच हलकं होतं. मेव्हण्याने दिलेलं पाकीट हलकं असलं, की हिचा चेहरा जड होतो.

“भाऊजी, हे तुमच्या अल्बमसाठी,” तो म्हणाला.

आत एक पोस्टाचं तिकीट. मला शाळेपासून तिकिटं जमवायचा नाद आहे, आणि तो सुटला नाही याचं हिला अजून वाईट वाटतं. तिकिटावर दोन खेळाडू. एक स्टिक लांब करून चाललेला, दुसरा निळ्या वेषातला गोलकीपर, अंगभर गाद्या बांधल्यासारखा. त्याच्या अंगावर आकडा ११.

“हे काय आहे?” मी विचारलं.

शिरीषने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ज्ञानेश्वरांच्या चित्राकडे बोट दाखवून ‘हे कोण?’ असं विचारलं होतं. मग त्याने मोबाइल काढला आणि मला तो गोल दाखवला. एकदा नाही, सात वेळा. आठव्यांदा हिने आतून “जेवायला या” म्हटलं म्हणून सुटलो.

तो गोल आधी सांगतो. २७ फेब्रुवारी १९९४. नॉर्वेतलं लिलहामर, हिवाळी ऑलिंपिकचा अंतिम सामना, स्वीडन विरुद्ध कॅनडा. ठरलेल्या वेळेत बरोबरी २-२. जादा वेळ दिला, तरी बरोबरीच. मग एकेका खेळाडूने एकट्याने गोलकीपरवर चालून जायचं. पाच-पाच जण गेले, तरी पुन्हा २-२. यानंतर जो चुकेल तो मेला असा हिशेब. सातव्या फेरीत स्वीडनकडून पीटर फोर्सबर्ग आला. वय वीस. समोर कॅनडाचा कोरी हर्श. वय एकवीस. आमच्या बँकेत या वयाच्या मुलाला आम्ही लॉकरची किल्लीसुद्धा देत नाही.

फोर्सबर्ग सरळ आला आणि एका बाजूला वळल्यासारखं केलं. हर्श त्याच्याबरोबर त्या बाजूला सरकला. सरकणारच. त्याच्या जागी मी असतो, तर स्टेडियमबाहेर सरकलो असतो. तेवढ्यात फोर्सबर्गने स्टिकवरचा एक हात सोडून दिला आणि उरलेल्या एका हाताने ती रबराची चकती, म्हणजे पक, उलट्या बाजूला ओढून हलकेच आत सारली. जोर नाही, आवाज नाही. घरात उशिरा येणारा माणूस चपला जशा भिंतीशी सरकवतो, तशी. हर्शचा हातमोजा मागे वळून तिथवर पोचत आला होता. पक त्याच्या खालून गेली. त्यानंतर कॅनडाचा पॉल कारिया आला, त्याचा फटका स्वीडनच्या टॉमी सालोने अडवला, आणि स्वीडनला आइस हॉकीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालं.

एवढं सगळं घडायला लागले काही सेकंद. आता परीक्षण सुरू होतं ते यापुढचं, म्हणजे प्रेक्षकांचं.

स्वीडिश प्रेक्षकांनी या गोलाचं काय केलं? पोस्टाचं तिकीट काढलं, १९९५ मध्ये. ही दाद मला फार आवडली. आपल्याकडे एखाद्या कामगिरीची दाद म्हणजे आधी फटाके, मग मिरवणूक, मग चौकात फलक, आणि फलकावर मूळ माणसापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. पोस्टाचं तिकीट हे या मानाने फारच सभ्य काम. छोटं, चौकोनी, मागून ओलं केलं की चिकटणारं, आणि ज्याला हॉकीत काडीचा रस नाही अशा मावशींच्या पत्रावरूनही परदेशात जाणारं. गोल काही सेकंदांचा, पण तिकीट तीस वर्षांनी माझ्या हातात आलं. दादीच्या सदरात स्वीडिश प्रेक्षकांना मी पैकीच्या पैकी गुण देतो.

मात्र नामकरणात दोन गुण कापतो. ही युक्ती फोर्सबर्गने शोधलेली नाही. १९८९ च्या जागतिक स्पर्धेत स्वीडनच्याच केंट निल्सनने ती अमेरिकेविरुद्ध करून दाखवली होती. फोर्सबर्ग तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याने ती पाहिली आणि मनात जपून ठेवली. पण लोक आज त्या युक्तीला ओळखतात ते फोर्सबर्गच्या नावाने. हे वाचून आमच्या शाखेतल्या कुणालाही धक्का बसणार नाही. कर्जवसुलीची योजना हेडक्लार्क आखतो आणि विभागीय कार्यालयात टाळ्या मॅनेजरला पडतात. तरी फोर्सबर्गचं एक कौतुक आहे. त्याने निल्सनचं ऋण लपवलं नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांकडून एवढी अपेक्षा करणं बरं नव्हे.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या रात्री अल्बममध्ये तिकीट लावताना माझी ती खोड जागी झाली. मोबाइलवर तो गोल पुन्हा लावला, तिकीट शेजारी धरलं, आणि सही जुळवतात तसं एकेक जुळवायला लागलो. काही केल्या जुळेना. तिकिटावरचा गोलकीपर निळा आणि नंबर ११. कॅनडाने निळा वेष कधी घातला? कोरी हर्शचा नंबर तर १. मग हा अकरा नंबरवाला कोण?

बँकेत अशा वेळी आम्ही चेक परत पाठवतो. मी शिरीषला उठवलं. रात्रीचे सव्वाबारा वाजले होते.

“अहो भाऊजी,” तो डोळे चोळत म्हणाला, “त्या गोलकीपरने परवानगीच दिली नाही. मग पोस्टाने त्याचा रंग बदलला, एकाचे अकरा केले, आणि काढलं तिकीट. झोपा आता.”

तो झोपला. मी जागाच राहिलो. म्हणजे असं की, ज्या माणसाशिवाय हा गोल होऊच शकत नव्हता, तो माणूस तिकिटावर आहे आणि नाहीही. पोस्टाने विचारलं, “आपला पराभव आम्ही तिकिटावर छापू का?” तो म्हणाला, “नको.” पोस्टाने मान डोलावली आणि छापला. फक्त एकाच्या शेजारी आणखी एक एक काढला. आमच्याकडे चेकवरच्या आकड्याशेजारी कुणी आणखी एक आकडा काढला, तर पोलीस येतात.

तेव्हा मला माझ्या परीक्षणाची कसोटी सापडली. प्रेक्षक किती नाचले, किती ओरडले, याला फारसा अर्थ नाही. नाचायला कुणीही नाचतं. गोल झाल्यावर त्यांनी गोलकीपरचं काय केलं, ते पाहायचं. या एका खात्यावरून सगळा ताळेबंद कळतो.

ही कसोटी मी मग आणखी दोन देशांना लावून पाहिली. पहिला कॅनडा. सप्टेंबर १९७२ मध्ये कॅनडा आणि सोविएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली, चार कॅनडात, चार मॉस्कोत. आइस हॉकी म्हणजे आपल्या वडिलार्जित मालकीची वस्तू अशी कॅनडाच्या प्रेक्षकांची पक्की समजूत. रशियन पाहुण्यांनी ती पहिल्याच सामन्यात मोडली. ८ सप्टेंबरला व्हँकुव्हरमध्ये चौथा सामना हरल्यावर कॅनडाच्या प्रेक्षकांनी आपल्याच संघाची हुर्यो केली. फिल एस्पोझितो नावाच्या खेळाडूने त्यानंतर घामाघूम अवस्थेत टीव्हीवर येऊन आपली व्यथा मांडली. आम्ही जीव तोडून खेळतोय, आणि आमचीच माणसं असं करतात, असा त्याचा सूर होता. घरोघरी जावयाने हा सूर कधी ना कधी लावलेला असतो.

मग २८ सप्टेंबर. मॉस्को, आठवा सामना. मालिका बरोबरीत, सामनाही ५-५ असा बरोबरीत. कॅनडाहून सुमारे तीन हजार माणसं पदरमोड करून तिथवर गेली होती. मायदेशी दिवसाची वेळ. शाळांनी वर्ग सोडून मुलांना टीव्हीपुढे बसवलं. शेवटची चौतीस सेकंदं उरली असताना पॉल हेंडरसनने गोल केला. गोलकीपर व्लादिस्लाव त्रेत्याक. हेंडरसनचा पहिला फटका त्याने अडवला होता. परत आलेली पक हेंडरसनने पुन्हा मारली आणि ती गेली. वीस दिवसांपूर्वी ज्यांनी हुर्यो केली, ते आता रडत होते, मिठ्या मारत होते. प्रेक्षकांची स्मरणशक्ती ही चालू खात्यासारखी असते. काल किती काढले याची लाज नाही, आज किती जमा झाले तेवढंच दिसतं.

हेंडरसनचा त्या दिवशीचा जर्सी २०१० मध्ये लिलावात दहा लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेला. हे मी हिला सांगितलं. हिने शांतपणे विचारलं, “धुतलेला की न धुतलेला?” या प्रश्नाचं उत्तर मला कुठे मिळालं नाही.

पण कॅनडाच्या प्रेक्षकांची खरी कमाई पुढेच आहे. त्यांनी त्रेत्याकला डोक्यावर घेतलं. ज्याच्यावर तो गोल झाला, ज्याने त्याआधी महिनाभर त्यांच्या नामांकित खेळाडूंची झोप उडवली, त्या परक्या, तेव्हाच्या हिशेबात शत्रूपक्षाच्या माणसाला. १९८९ मध्ये टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याला मानाची जागा मिळाली. सोविएत संघाचा तो मान मिळवणारा तो पहिलाच खेळाडू. गंमत म्हणजे त्या दिवशी हेंडरसन मात्र त्या सभागृहाच्या यादीत नव्हता. गोल खाणारा आत, गोल करणारा बाहेर. हा न्याय झाला की अन्याय, यावर तिकडे वाद चालतात. मी त्यात पडत नाही. प्रमोशनच्या यादीबद्दल बोलायचं नाही, हा मी नोकरीत घालून घेतलेला नियम आहे.

दुसरा देश फिनलंड. १३ मे २०११, ब्रातिस्लाव्हा, जागतिक स्पर्धेचा उपांत्य सामना, समोर रशिया. एकोणीस वर्षांचा मिकाएल ग्रानलुंड गोलजाळीच्या मागे गेला, पक स्टिकच्या पात्यावर उचलून घेतली, उलथन्यावर घावन घ्यावं तशी, आणि ती न पाडता मागूनच पुढे वळून वरच्या कोपऱ्यात ठेवून दिली. हे मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला पक दिसलीच नाही. हिला दिसली. घावनाची सवय.

फिनिश प्रेक्षकांची दाद भाषिक होती. त्यांच्या भाषेत या प्रकाराला ‘इल्मावेइवी’ म्हणतात. इल्मा म्हणजे हवा, वेइवी म्हणजे फिरवायचं हँडल. तो शब्द एका रात्रीत साऱ्या देशाच्या तोंडी बसला. आता ही युक्तीही ग्रानलुंडची नव्हे. १९९६ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या माइक लेगने ती केलेली, आणि तिकडे लोक तिला ‘मिशिगन’ म्हणतात. पण मूल दुसऱ्याचं असलं, तरी बारसं मन लावून केलं की आपलंच वाटतं. दोन दिवसांनी फिनलंडने अंतिम सामन्यात स्वीडनला ६-१ असं हरवलं, हेलसिंकीच्या बाजार चौकात माणसांचा समुद्र लोटला, आणि विमानातून उतरताना करंडक हातात घेतलेला एक प्रशिक्षकच कोसळला. करंडकाला पोच आला. मला हा देश आवडायला लागला, तो त्या पोच्यामुळे.

मग कसोटी. मी शिरीषला विचारलं, “ग्रानलुंडने गोल केला, तेव्हा जाळीत कोण होतं?”

शिरीषला ग्रानलुंडचा जर्सी नंबर ठाऊक होता, स्टिक कुठल्या बाजूची ते ठाऊक होतं, त्या रात्री स्वतः काय खाल्लं तेही ठाऊक होतं. गोलकीपर आठवेना.

“असेल कुणीतरी रशियन,” तो म्हणाला.

कोन्स्तांतिन बारूलिन. मी शोधून काढलं. त्याच्या वाट्याला तिकीट नाही, मानाचं सभागृह नाही, आणि साधी आठवणही नाही. एक क्षणभर वाटलं, हर्शपेक्षा याचं बरं. विसरले तरी. पण मग वाटलं, चोवीस तास गाद्या बांधून उभं राहायचं आणि शेवटी ‘असेल कुणीतरी’!

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात आमच्या मामांना सांगायला गेलो. मामा नागपूरचे. क्रिकेटवर त्यांचा अधिकार असा, की ते सामना बघत असताना मामी पंचांप्रमाणे गप्प राहतात. मी म्हटलं, “मामा, आपल्याकडचे प्रेक्षक असे नाहीत हं. आपण हरलेल्यालाही विसरत नाही.”

“विसरणार कसे?” मामा उसळले. “चेतन शर्मा! शेवटचा चेंडू! शारजा!”

१८ एप्रिल १९८६. पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या आणि जावेद मियाँदादने षटकार मारला. मी तेव्हा लहान होतो, पण त्या दिवशीची घरातली शांतता मला आठवते. वडिलांनी टीव्ही बंद केला आणि आईला म्हणाले, “पान वाढ.” एवढ्या हळू आवाजात ते नंतर कधीच बोलले नाहीत. चेतन शर्मा तेव्हा वीस वर्षांचा होता. फोर्सबर्गएवढा.

“आणि मामा, त्याने पुढच्याच वर्षी काय केलं?” मी विचारलं.

मामा थांबले. विचार करू लागले. मामी मात्र पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “अहो, असं काय करता? हॅट्ट्रिक नाही का घेतली! तुम्ही तर होतात ना मैदानावर. टोपी हरवून आलात.”

३१ ऑक्टोबर १९८७. विश्वचषक, न्यूझीलंडविरुद्ध, खुद्द नागपुरात. लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी, तिघेही त्रिफळाचीत. विश्वचषकातली ती पहिलीवहिली हॅट्ट्रिक. आमचे मामा हजारो लोकांबरोबर उभे राहून ओरडले होते, टोपी उडवून बसले होते. टोपीसुद्धा गेली आणि आठवणही गेली. उरला तो ज्याला ते हजरही नव्हते, तो शारजाचा चेंडू.

मामांना हसून मी घरी आलो. पण खरं सांगायचं तर हसायचा मला अधिकार नव्हता. कारण जमाखर्च मांडायचाच म्हटला, तर त्यात माझंही एक पान आहे.

नोव्हेंबर २०१६. जुन्या नोटा बंद झालेल्या, बँकेच्या दारापासून चौकापर्यंत रांग, आणि काउंटरवर मी. आठवड्याला चोवीस हजारच काढायची मुभा; म्हणजे दोन हजारांच्या नव्या कोऱ्या बारा नोटा. सकाळी बसलो, तो दुपारी पाण्यालाही उठलो नाही. संध्याकाळी कॅश जुळवली, तर वीस हजार कमी. कुणाला तरी बाराऐवजी बावीस नोटा गेल्या होत्या. कॅमेऱ्यात पाहिलं. त्यात रांग दिसत होती, कॅलेंडर दिसत होतं, आणि मधोमध माझं टक्कल चकाकत होतं. नोटा कुठे दिसल्या नाहीत. वीस हजार मी भरले. हिने त्या वर्षीची पैठणी पुढे ढकलली. ती अजून पुढेच आहे.

पैशांचं काही नाही. म्हणजे आहे, पण ते भरले आणि संपलं. संपलं नाही ते नाव. तेव्हापासून मी शाखेत ‘बावीस’ आहे. “बावीसराव, चहा?” “बावीस, साहेब बोलावतात.” बदली झाली, तर माझ्याआधी नाव पोचलेलं. दर निरोपसमारंभात कुणाचाही निरोप असो, माझा किस्सा होतो. मीही हसतो, दोन-चार वाक्यं वाढवून सांगतो. त्या दिवशी काचेपलीकडून शेकडो माणसं पैसे घेऊन गेली होती आणि एक सोडून सगळ्यांच्या नोटा बरोबर होत्या, हे मी कधीच सांगत नाही. त्यात किस्सा काय? बरोबर मोजलेल्या नोटांवर कुणी हसत नाही.

त्या रात्री तिकिटावरच्या अकरा नंबरने मला जागं ठेवलं, ते यामुळे. माझा नंबर बावीस. एका संघातलेच आम्ही.

कोरी हर्शचं पुढे काय झालं तेही मी वाचून काढलं. २०१७ मध्ये त्याने स्वतःच लिहून जाहीर केलं, की त्याला मंत्रचळाच्या विकाराने ग्रासलं होतं. नको ते विचार डोक्यात पुन्हा पुन्हा यायचे, थांबायचे नाहीत. ते सुरू झालं १९९४ मध्येच. एकदा तर जीव द्यायच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन तो परतला. गोलामुळे आजार झाला असं तो म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. आजाराला गोल लागत नाही. पण त्या वर्षी सगळं जग त्याचा हातमोजा किती बोटं कमी पडला ते मोजत होतं, आणि तो मनात काय झेलत होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे तो उपचार घेऊन सावरला आणि या आजाराबद्दल लोकांशी उघडपणे बोलू लागला. तिकिटाला नकार दिल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असंही त्याने नंतर सांगितलं आहे. माणूस मोठा झाला. तिकीट मात्र तेवढंच राहिलं.

तर प्रेक्षकांचं परीक्षण असं. ओरडणं उत्तम, नाचणं उत्तम, बारशी घालणं ठीक, तिकिटं काढणं अतिउत्तम. फक्त गोल ही दुहेरी नोंद असते, हे प्रेक्षक विसरतात. एकाच्या खात्यावर जमा, दुसऱ्याच्या खात्यावर नावे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात शिकवतात. एकच बाजू लिहिणाऱ्या कारकुनाला बँक ठेवत नाही. एकच बाजू बघणाऱ्या प्रेक्षकाला मात्र आपण रसिक म्हणतो.

मागच्या महिन्यात आमच्या शाखेत नवीन लागलेल्या मुलीची कॅश चार हजारांनी कमी आली. पोरगी रडकुंडीला आलेली. चहाच्या वेळी सगळे जमले. तिला कुठलं नाव शोभेल याची चर्चा सुरू झाली, आणि या विषयातला जाणकार म्हणून सगळे माझ्याकडे वळले. “बोला बावीसराव!” खरं सांगतो, नाव माझ्या जिभेवर आलं होतं. चांगलं होतं. वीस वर्षं टिकलं असतं.

मी कप खाली ठेवला आणि विचारलं, “आज तिने व्हाउचर्स किती पास केली?”

कुणालाच माहीत नव्हतं. मी उठून मोजून आलो. “दोनशे अकरा,” मी म्हटलं, “त्यातली दोनशे दहा बरोबर.”

कुणी हसलं नाही. किस्सा पडला. चहा मात्र सगळ्यांनी तिला पाजला, आणि पैसे माझ्या नावावर लिहिले.

घरी येऊन मी अल्बम काढला. तिकिटाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं : ‘वाचा नंबर १. कोरी हर्श, कॅनडा.’ शेजारी आद्याक्षरं केली. खाडाखोड असेल, तिथे सही लागते.

“काय करताय एवढ्या रात्री?” हिने विचारलं.

“टॅली लागली,” मी म्हटलं.

“मग पैठणीची कधी लागणार?”

प्रेक्षक काहीच विसरत नाहीत, हे मात्र मला मान्य करावं लागेल.